आढ्याखालचं जेवण

धनुर्वात झालेल्या माणसाच्या खोलीत आवाज करायचा नसतो. वर्ध्याच्या दवाखान्यात बाबांना ठेवलं होतं, त्या खोलीच्या खिडक्यांवर घोंगड्या टांगल्या होत्या आणि नर्सबाई अनवाणी चालत होत्या. कुठं भांडं वाजलं, दार करकरलं, की बाबांचं सगळं अंग ताणलेल्या दोरासारखं व्हायचं. जखम एवढीशी होती, पायाच्या अंगठ्याजवळ, सुकतही आलेली. लाकूड तासताना वाकस निसटली होती. सुताराला वाकस लागतेच, हळद भरायची आणि पुन्हा कामाला बसायचं, असं आजवर चालत आलेलं... हिंगणघाटच्या ज्या शाळेत मी शिकवते तिथं गावचा माणूस सायकलीनं आला आणि पायरीवरूनच म्हणाला, "शांताबाई, तुमच्या बाबाची दातखीळ बसली जी. वर्ध्याले नेलं." मी निघाले तेव्हा हातात खडू तसाच होता, हे मोटारीत बसल्यावर लक्षात आलं.

बोलता येत नव्हतं, पण डोळे शुद्धीवर होते. मला पाहिलं, आणि मग त्यांनी नजर वर नेली, छताकडं. मरायला टेकलेला माणूसही ज्या खोलीत निजलाय तिचं छप्पर तपासून पाहतो, हे फक्त माझे बाबाच करू जाणे. मग उजवा हात थोडा उचलला, दोन बोटं चिमटीसारखी जुळवली आणि हवेतली कसली तरी वस्तू हळूच खाली ओढल्यासारखं केलं. माय कुजबुजली, "पांघरून ओढू का जी तुमच्या अंगावर?" डोळ्यांनी नाही म्हणाले. पुन्हा तीच चिमूट, तेच ओढणं. मी म्हटलं पाणी, मी म्हटलं भाऊ, मी म्हटलं घरी जायचं आहे का... प्रत्येकाला नाही. शेवटी हात खाली पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. ती चिमूट काय मागत होती ते मला तेरवी होऊन गेल्यावर कळलं.

माणूस गेल्यावर त्याच्या हिमतीबद्दल लिहायची रीत आहे. मला माझ्या बाबांच्या भीतीबद्दल लिहायचं आहे. महादेवजी वाढई म्हणून वडनेरच्या आसपासच्या गावांत त्यांना ओळखत. आमच्याकडं सुताराला वाढई म्हणतात. वखर, तिफण, बंडीची चाकं, दाराच्या चौकटी, पाळणे, आणि उन्हाळ्यात घरांची छपरं. झुंजूमुंजू व्हायच्या आत अंगणात रंध्याचा आवाज सुरू व्हायचा, तो ऐकूनच आम्ही उठायचो. मी आमच्या घराण्यातली पहिली बी.ए. आहे, आणि पोरगी आहे. हे मी कुठंही ताठ मानेनं सांगते. ज्यानं मला शिकवलं त्याला स्वतःला अक्षर येत नव्हतं, कागदावर अंगठा उठवायचा तरी तो भीतभीत उठवायचा, तेव्हा ही मान माझी एकटीची नाही.

भीती मोठी होती. माझ्यासाठी त्यांनी पाळणा केला, तर मला त्यात घालायच्या आधी बरेच दिवस त्यात ज्वारीचं पोतं झुलत होतं. बाया पाणी भरायला जाता जाता विचारायच्या, "काय महादेवजी, पोरगं झालं की पोतं?" आम्हा भावंडांना फळीखाली निजू देत नसत. बैल शिंग हलवी तर आमच्या आणि बैलाच्या मध्ये येऊन उभे राहत, मग स्वतःच थरथरत. वर्ध्याच्या कॉलेजात माझं नाव घातल्यावर वसतिगृहात पोचवायला आले, तेव्हा आधी खोलीच्या मधोमध उभं राहून वर बघितलं, खांबाला बोटाच्या पेरांनी ठोकून कान लावला, आणि माझी खाट उचलून दाराशी आणली. पोरी तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी नाही हसले. बाबा गावी परतल्यावर मीही त्या छताकडं किती वेळ बघत पडले होते.

माय म्हणायची, "लगनाच्या वक्ती हा माणूस असा नव्हता व. इहिरीत उतरे, झाडाच्या शेंड्यावर चढे. तू झाली अन् भेकड झाला." बाबा खाली मान घालून रंधा मारत म्हणायचे, "तवा जाऊन जाऊन मीच गेलो असतो ना." एवढंच. या विषयावर याच्यापेक्षा जास्त ते कधी बोलले नाहीत.

आता ज्या रिवाजापायी हे सगळं घडलं तो सांगते. आमच्या भागात जुने लोक तो पाळायचे. नव्या घराचं आढं चढलं, म्हणजे छपराचा सगळा भार घेणारं मधलं आडवं लाकूड वर बसलं आणि त्यावर कौलं, आमच्याकडचे कवेलू, टाकून झाले, की घरात पहिली पंगत घरधन्याची बसत नाही. वाढई आपल्या बायको-लेकरांना घेऊन बरोबर आढ्याखाली बसतो आणि जेवतो. घरधनी वाढतो, गाव दारातून पाहतो. वाढयानं आपली लेकरं बसवली म्हणजे घर पक्कं, मग बाकीच्यांनी खुशाल आत यावं. आम्ही भावंडं अशा कितीतरी घरांत जेवलो आहोत. आम्हाला त्याचं अप्रूप, रोडगे आणि वांग्याची भाजी मिळायची म्हणून. बाबा मला डाव्या बाजूला बसवायचे आणि उजव्या हातानं जेवताना डाव्या हातानं माझा दंड धरून ठेवायचे. भावाला माय धरायची. मोठी झाले तरी तसंच. मला वाटे, लाड आहेत.

शामरावजींच्या घराच्या वेळी मी कॉलेजात होते, उन्हाळ्याच्या सुट्टीत आले होते. शामरावजी गावातले मोठे कास्तकार, कापूस हिंगणघाटच्या जिनात जायचा, शब्दाला वजन. मुलाचं लग्न ठरलेलं आणि त्याआधी नवं घर उभं करायची घाई. सागाचं खोड बाबांनीच निवडलं होतं. अजून एक उन्हाळा वाळू द्या, असं एकदा म्हणाले होते, पण लगीन थांबत नाही म्हटल्यावर गप्प झाले, आणि त्याच लाकडाचं आढं घडवून त्यांनी वर चढवलं. पंगतीच्या दिवशी ओसरी माणसांनी भरलेली. आम्ही चौघं आढ्याखाली बसलो. शामरावजी स्वतः वरण वाढत होते. मी रोडगा मोडून वरणात कालवला आणि पहिला घास तोंडात घातला, तोच वरून एक आवाज आला. फार मोठा नाही. कोरडी शेंग पिचावी तसा... कट्.

माझ्या दंडावरची बोटं एकदम रुतली. बाबांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "उठा!" असं ओरडले आणि मला पानावरून ओढत दाराबाहेर नेऊन टाकलं, मागं वळून मायला आणि भावाला ओढलं, मग शामरावजींच्या धोतराला धरलं. पळापळ झाली, वरणाचं भांडं उलटलं, एक म्हातारा ओट्यावरून खाली पडला. आम्ही सगळे अंगणात, श्वास धरून घराकडं पाहत... आणि काहीच झालं नाही. आढं जिथल्या तिथं. एक कवेलूही घसरला नाही. एक चिमणी मात्र आतून उडून बाहेर आली, आणि कोणीतरी हसलं.

भरल्या ताटावरून वाढई लेकरं घेऊन उठला, याच्यापरता अपशकुन नाही. शामरावजींचा चेहरा काळाठिक्कर पडला. "म्हादेवा, भर पंगतीत माया घराले नाट लावला तू. लाकूड तूच आणलं, तूच चढवलं, अन् तूच पळाला?" हिंगणघाटहून दुसरा मिस्त्री बोलावला. त्यानं शिडी लावून आढं ठोकलं, वरून खालून पाहिलं आणि सांगितलं, ओलं लाकूड वाळताना बोलतेच, त्यात भ्यायचं काय. रिवाज पुरा करायला पुन्हा बसा, असं शामरावजींनी निरोपावर निरोप पाठवले. बाबा बसले नाहीत. म्हणजे, स्वतः एकटे बसायला तयार होते. "मी बसतो जी. लेकराईले नाई बसवत." असं बोललेला वाढई कोणाला पाहिजे? त्या वर्षी छपराची कामं दुसरीकडं गेली. पोट्टे बाबा दिसले की बोंबलायचे, "उठा उठा, आढं आलं!" माय त्यांच्या मागं खराटा घेऊन धावायची आणि घरात येऊन बाबांवर तोंड सोडायची, "पडलं असतं तर बरं झालं असतं!" मग स्वतःच तोंडावर हात दाबायची.

लग्न झालं, शामरावजी घरच्या सगळ्यांना घेऊन त्या घरात राहायला गेले. तेव्हापासून बाबांची झोप गेली. ते चुकले असतील तर त्यांनी एका भल्या घराला उगाच कलंक लावला होता. ते बरोबर असतील तर आत माणसं निजत होती... दोन्हीकडून फास. काहीतरी निमित्त काढून ते शामरावजींच्या ओट्याशी जायचे, चिलीम मागायचे, नजर सारखी दारातून आत आणि वर. टेकू लावू द्या म्हणून हात जोडले. शामरावजी म्हणाले, "नव्या घरात मधोमध टेकू? म्हणजे गावानं म्हणावं, म्हादेव खरा व्हता. चालता हो." त्यांचंही काय चुकलं? घराची अब्रू होती ती.

वर्षभरात सुनेला दिवस गेले आणि पाळण्याचं काम बाबांकडं आलं. गावात पाळणा करणारे ते एकच होते. निरोप्या म्हणाला, साखळ्या लांब पाहिजेत, पाळणा मधल्या खोलीत आढ्याला टांगायचा आहे. मी तेव्हा घरी होते. बाबांच्या हातातली पटाशी खाली पडली. तडक निघाले ते शामरावजींच्या आईकडं, काशीमायकडं, आणि काय करतील या धास्तीनं मी त्यांच्या मागं. म्हातारी ओसरीवर तुरी निवडत बसली होती. बाबा पायरीवर टेकले आणि दारातून वर पाहू लागले.

"काऊन रे म्हादेवा? अजून भेतं काय?"

"भेतो, काशीमाय."

म्हातारीनं आत कोणी नाही ना ते पाहिलं आणि सूप बाजूला ठेवलं. "मी बी भेतो रे बाप्पा. तू वरडला त्या दिवसापासून खाटेवर पडल्या पडल्या आढ्याकडंच पाहून राह्यली. पोराले सांगू तर म्हनते, माय, तुले बी म्हादेवाची हवा लागली." मला ते दृश्य आठवलं की अजून गंमत वाटते. एक सत्तरीची मालकीण आणि एक वाढई, चोरी करायला निघालेल्या पोरांसारखे एकमेकांकडं पाहत होते. मग तीच म्हणाली, "घुसळखांब करजो मले."

"ताक तं सैपाकघरात घुसळता ना तुमी?"

"माया माहेरी मधल्या खोलीत घुसळत. मरता मरता माहेरची हौस आली म्हनजो. टेकू लावाले पोराची मनाई हाये, मायच्या घुसळखांबाले कशी करन तो? अन् लहान करू नोको. आढ्याले टेकला पाह्यजे."

ताक घुसळायच्या रवीची दोरी ज्याला बांधतात तो खांब शामरावजींनी आईला नाकारला नाही. त्यांना खरं कळलं होतं का? मला वाटतं, पहिल्या दिवशीच कळलं होतं. पण आईची हौस म्हटल्यावर कोणाचीच मान खाली जात नव्हती. बाबांनी तो खांब असा घडवला की पाहायला माणसं यायची. खाली कमळ, दोरीसाठी गोल खाचा, वर पोपट. बुंधा खाली आणि शेंडा वर, जसं झाड उभं असतं तसा. उभा करताना मी ओळंबा धरला होता. खांबाचं डोकं आणि आढं यांच्यात बाबांनी बारीकशी फट ठेवली, आपल्या धोतराचा काठ टरकावून त्याची चिंधी त्या फटीत सरकवली आणि एक टोक खाली लोंबत ठेवलं. लोकांना वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून बांधली.

मी विचारलं, "ठोकून घट्ट का नाही बसवलात?" म्हणाले, "मंग भार कोन घेऊन राह्यलं, कसं समजन? चिंधी ओढली अन् निघाली, तं आढं आपल्या बळावर हाये. मी उगाच भेलो, खुशाल हासा. नाई निघाली..." दर वर्षी पावसाळ्यापूर्वी, कवेलू फेरायच्या दिवसांत, ते शिडी घेऊन जायचे आणि दोन बोटांच्या चिमटीत धरून ती चिंधी हळूच ओढायचे. दर वर्षी निघायची. परत सरकवून घरी यायचे आणि मायला सांगायचे, "निघाली." माय म्हणायची, "मंग आतातरी निजा." पण पुढच्या वर्षीपर्यंत पुन्हा तेच. पाळणाही मग आढ्याला टांगला नाही. काशीमायनं तो टांगायला वेगळी लाकडी घोडी करवून घेतली.

या वर्षी कवेलू फेरायच्या आधीच वाकस लागली.

तेरवीनंतर मी बाबांची हत्यारं पुसून ठेवत होते. करवत, रंधा, गिरमिट. ओळंबा हातात घेतला, त्याची दोरी दोन बोटांच्या चिमटीत धरून खाली सोडली... आणि दवाखान्यातली ती चिमूट आठवली. हात तसाच राहिला. ते पांघरूण मागत नव्हते. या वर्षी चिंधी ओढायची राहिली, एवढंच ते सांगत होते. आणि आम्ही त्यांना पाणी विचारत होतो.

मी मायला सांगितलं नाही. तशीच निघाले. आभाळ भरून आलं होतं आणि मला सारखं वाटत होतं की पावसाचं पाणी कवेलूत मुरायच्या आत पोचलं पाहिजे. शामरावजींच्या घरात काशीमाय खाटेवर होती, आता फार थकलेली. सून पोळ्या लाटत होती. ज्याच्यासाठी पाळणा केला होता तो पोरगा घुसळखांबाला धरून गोल गोल फिरत होता. शामरावजी ओसरीवरून उठून आत आले. मी म्हटलं, "बाबांचं एक काम राहिलंय. शिडी पाहिजे होती." त्यांनी कोणतं काम म्हणून विचारलं नाही. स्वतः शिडी आणली, लावली आणि खाली धरून उभे राहिले.

मी चढले. बाबांच्या धोतराचा तो काठ धुरानं काळा पडला होता. दोन बोटांत धरला आणि हळूच ओढला. नाही आला. थोडा जोरानं ओढला. टोकाचे दोन-चार धागे सुटून हातात आले, बाकी चिंधी जागची हलली नाही. मी फटीत नख घालून पाहिलं. फटच नव्हती. आढं येऊन खांबाच्या डोक्यावर बसलं होतं. कधी बसलं, कोणत्या रात्री, त्याखाली कोण निजलं होतं, कोणालाच कळलं नव्हतं.

खालून शामरावजींचा आवाज आला, अगदी बारीक, "निघाली का व बाई?"

"नाई."

सुनेचं लाटणं थांबलं होतं. शामरावजींनी एक हात शिडीवरून काढून खांबावर ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. त्यांचे डोळे भरले होते, पण ते माझ्याकडं पाहत नव्हते, वर पाहत होते. आम्ही सगळेच वर पाहत होतो. मग खाटेवरून काशीमाय म्हणाली, "सूनबाई, पान मांड. इथंच, आढ्याखाली. वाढयाची लेक पयले. त्या दिवशीचं जेवन अर्ध्यावर राह्यलं व्हतं."

मला पळून जावंसं वाटलं. बाहेर पाऊस सुरू झाला होता आणि कवेलूंवर त्याचा आवाज वाढत होता. पण मी बसले. रोडगे नव्हते, साधी पोळी आणि वरण होतं. शामरावजी वाकून वाढत होते. पोरगा माझ्या पानाशी येऊन उभा राहिला. त्याची आई त्याला मागं ओढायला आली, मी तिला थांबवलं. रिवाज असा की वाढयानं आपलं लेकरू बसवायचं. मला लेकरू नाही, म्हणून मी त्यांचंच जवळ बसवलं, माझ्या डाव्या बाजूला, खांबाला लागून. पहिला घास त्याला दिला, दुसरा मी घेतला. वर लाकूड गप्प होतं. मी सबंध पोळी खाल्ली, ताट निपटलं, आणि जेवताना माझा डावा हात कुठं आहे ते मला उठायच्या वेळी दिसलं. त्या पोराचा दंड मी घट्ट धरून ठेवला होता.